ईमॅक्समध्ये ओळ आपोआप तुटते, बंद केली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटते

आमच्या गावच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर सूचनांचा फलक आहे. त्याचा मजकूर एका यॅमल फाइलमधून (यॅमल म्हणजे माहिती साध्या मजकुरात मांडायची एक पद्धत) येतो आणि ती फाइल मी ईमॅक्स या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, लिहितो. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने मला फोनवर तो फलक दाखवला. वर्गणीची सूचना मध्येच तुटली होती आणि उरलेले चार शब्द खालच्या ओळीवर एकटे पडले होते. घरी येऊन फाइल उघडली, ओळ जोडली, जतन केली. चार दिवसांनी दुसऱ्या सूचनेत तेच. मग ऑटो-फिल, म्हणजे लिहिताना ओळ आपोआप तोडणारी सोय, बंद केलं. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी ओळी पुन्हा तुटायला लागल्या.

महिनाभर मी या मागे होतो. त्या काळात तीन गोष्टी ध्यानात आल्या, आणि तुमच्याकडेही असंच होत असेल तर याच तीन खुणा आधी तपासा. मी टाइप केलेल्या ओळी तुटायच्या, पेस्ट केलेल्या तुटत नव्हत्या. वाचनालयातल्या संगणकावर तुटायच्या, घरच्या संगणकावर नाही. आणि बंद केलेलं काही दिवसांनी आपसूक चालू व्हायचं. मी तिन्हींचं एकच कारण शोधत बसलो, म्हणून इतका वेळ गेला. कारणं तीन आहेत.

पुढे आज्ञांची आणि चलांची (ज्यांची किंमत बदलता येते अशा सेटिंगांची) नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ती रोमन लिपीतच टाइप करायची, मधल्या आडव्या रेघांसकट, आकडेही रोमनच.

ओळ खरंच तुटली आहे का?

"ओळ तुटते" असं आपण म्हणतो तेव्हा ईमॅक्समध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असू शकतात. एकात फाइलमध्ये खरोखरचं नवओळ-चिन्ह पडतं. ते काम ऑटो-फिल-मोड करतो (मोड म्हणजे ईमॅक्सच्या वागण्याची एक ठरलेली रीत). दुसऱ्यात फाइलला धक्का लागत नाही, लांब ओळ फक्त पडद्यावर दुमडून दाखवली जाते. शब्द न तोडता नीट दुमडायचं काम व्हिज्युअल-लाइन-मोड करतो. तो २००९ साली ईमॅक्स २३ मध्ये आला. माझी पहिली चूक इथेच झाली. टाइप करताना ओळ खाली उतरलेली मला दिसली होती, पण ती दाखवण्यापुरती असेल असं समजून मी पुढे गेलो.

ओळखायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे खिडकी रुंद करून पाहा. तुटण्याची जागा सरकली तर ते फक्त दिसणं आहे. जागच्या जागी राहिली तर नवओळ फाइलमध्ये पडलेली आहे. ओळ क्रमांक दाखवणारा डिस्प्ले-लाइन-नंबर्स-मोड चालू केलात तरी कळतं: दुमडलेल्या भागाला स्वतःचा क्रमांक मिळत नाही, तुटलेल्याला मिळतो.

तळाची मोड-लाइनही सांगते. तिथे "फिल" दिसलं तर ऑटो-फिल चालू आहे, "रॅप" दिसलं तर व्हिज्युअल-लाइन. दोन्ही एकदम दिसले तर दोन्ही चालू आहेत. मग अरुंद खिडकीत मजकूर कंगव्यासारखा दिसतो, एक लांब ओळ, एक दोन शब्दांची, पुन्हा लांब, पुन्हा तोकडी. असं दिसलं की दोघांपैकी एक बंद करायचा. दोघांनाही खूश ठेवणारी सेटिंग नाही. कडेच्या पट्टीत वळलेला बाण असेल तर ओळ साधी दुमडली आहे, सरळ बाण असेल तर ती कापून दाखवली आहे आणि उरलेला भाग उजवीकडे दडलेला आहे.

या कापण्यावरून एक गोष्ट जाता जाता सांगतो. खिडकी उभी दुभागली की काही जणांच्या ओळी दुमडायच्या अचानक थांबतात आणि ते इनिट फाइल धुंडाळत बसतात. त्यांनी काहीच बिघडवलेलं नसतं. ट्रंकेट-पार्शल-विड्थ-विंडोज या चलाची मूळ किंमत ५० आहे; पूर्ण रुंदीची नसलेली खिडकी ५० रकान्यांहून अरुंद झाली की ईमॅक्स ओळी कापूनच दाखवतो. किंमत शून्यवत, म्हणजे निल केली की प्रश्न मिटतो.

टाइप केलेलं तुटतं, पेस्ट केलेलं नाही

ऑटो-फिल सतत पहारा देत नाही. तुम्ही स्पेस किंवा एंटर दाबता त्याच क्षणी तो पाहतो की कर्सर फिल-कॉलमच्या, म्हणजे ओळीसाठी ठरवलेल्या शेवटच्या रकान्याच्या, पुढे गेला आहे का. गेला असेल तर त्या मर्यादेच्या आतली शेवटची मोकळी जागा शोधून तिथे नवओळ घालतो. पेस्ट करताना हा पाहण्याचा क्षण येतच नाही, म्हणून पेस्ट केलेली दोनशे रकान्यांची ओळही शाबूत राहते.

यातून एक फसवी गोष्ट निघते. समजा आधीच लांब असलेल्या ओळीच्या शेवटी तुम्ही एक शब्द जोडलात. ओळ तुमच्या शब्दापाशी तुटत नाही, ती सत्तराव्या रकान्याच्या आसपास, तुम्ही हातही न लावलेल्या जागी तुटते. त्यामुळे "मी तर शेवटी लिहिलं, मध्ये कोणी छेडलं?" असा संशय दुसऱ्यावर जातो. मीही आमच्या वाचनालयात फाइल हाताळणाऱ्या दुसऱ्या मुलाला दोनदा विचारलं होतं. त्याचा काही संबंध नव्हता.

आता यॅमलमध्ये हे का बाधतं ते पाहा. मजकुराच्या आधी उभी रेघ दिली की यॅमल प्रत्येक नवओळ जशीच्या तशी राखतो. सूचनेत तारीख, वेळ, ठिकाण वेगवेगळ्या ओळींवर हवं म्हणून आम्ही तेच वापरतो. तिथे पडलेली नवओळ थेट फलकावर उतरते. उभ्या रेघेऐवजी मोठेपणाचं टोकदार चिन्ह वापरलं असतं तर यॅमलने सुट्या नवओळीची मोकळी जागा केली असती आणि हा दोष कधी दिसलाच नसता. म्हणून "ओळी तोडू का?" या प्रश्नाचं उत्तर एडिटरच्या आवडीनिवडीत नसतं. त्या फाइलमध्ये नवओळीला अर्थ आहे की नाही, यावर ते ठरतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

एका संगणकावर तुटतं, दुसऱ्यावर नाही

दोन्ही संगणकांवर माझी इनिट फाइल एकच होती. तिच्यात बहुतेकांच्या इनिट फाइलमध्ये असते तीच ओळ होती:

(ॲड-हुक 'टेक्स्ट-मोड-हुक #'टर्न-ऑन-ऑटो-फिल)

हुक म्हणजे मोड चालू होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनांची यादी. ओळ वाचायला निरागस आहे: साध्या मजकुराच्या फाइलींत ऑटो-फिल लावा. पण टेक्स्ट-मोड हा मोठ्या घराण्याचा मूळपुरुष आहे. ऑर्ग-मोड, मार्कडाउन-मोड, एचटीएमएल-मोड, एनएक्सएमएल-मोड, ई-पत्रांचा मेसेज-मोड, आणि यॅमल-मोडसुद्धा त्याचेच वंशज. मुलाचा मोड चालू झाला की आधी बापाचा हुक चालतो, मग मुलाचा. म्हणजे टेक्स्ट-मोडला लावलेली सवय सगळ्या घराण्याला लागते.

वाचनालयातल्या संगणकावर यॅमल-मोड बसवलेला होता, घरी नव्हता. घरी ती फाइल फंडामेंटल-मोडमध्ये उघडायची, जो टेक्स्ट-मोडचा कोणी लागत नाही. म्हणून घरी ओळ तुटत नव्हती. चांगला मोड बसवला आणि त्यानेच घोटाळा वाढला.

तुमची फाइल कोणत्या मोडमध्ये आहे आणि कोणकोणते मायनर मोड (मुख्य मोडला वरून जोडलेले छोटे मोड) चालू आहेत हे कंट्रोल-एच, मग एम दाबलं की दिसतं. त्या मोडचा पूर्वज कोण ते पाहायला कंट्रोल-एच, मग एफ दाबून मोडचं नाव द्या. वर्णनात मूळ मोडचा उल्लेख असतो. कंट्रोल-एच, मग व्ही आणि ऑटो-फिल-फंक्शन हे नाव दिलं तर त्या बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्सने उघडलेल्या त्या मजकुरात, सध्या काय चालू आहे ते नेमकं कळतं: निल म्हणजे बंद, डू-ऑटो-फिल म्हणजे चालू.

सर्वांत तोकडा उपाय हा:

(ॲड-हुक 'यॅमल-मोड-हुक #'टर्न-ऑफ-ऑटो-फिल)

मुलाचा हुक बापाच्या नंतर चालतो, म्हणून हे लागू पडतं. पण वंशज पुष्कळ, आणि नवा मोड बसवला की पुन्हा तेच करायचं. शिवाय ईमॅक्स २९ पासून काही भाषांना ट्री-सिटर या कोडची रचना ओळखणाऱ्या साधनावर बेतलेले दुसरे मोडही आले आहेत. यॅमल-टीएस-मोडचा हुक वेगळा, त्यामुळे यॅमल-मोडच्या हुकात लिहिलेली मनाई त्याला लागत नाही. "आवृत्ती बदलली आणि पुन्हा सुरू झालं" ही तक्रार असेल तर आधी हे पाहा.

मी आता उलट्या बाजूने जातो. घराण्याला सरसकट सवय लावून एकेकाची सोडवत बसण्यापेक्षा, ज्यांना हवी त्यांचीच नावं लिहितो:

(डीफन माझं-फिल ()
  (व्हेन (मेमक्यू मेजर-मोड '(टेक्स्ट-मोड आरएसटी-मोड लॉग-एडिट-मोड))
    (टर्न-ऑन-ऑटो-फिल)))
(ॲड-हुक 'टेक्स्ट-मोड-हुक #'माझं-फिल)

हुक बापाचा असला तरी तो चालतो तेव्हा मेजर-मोडमध्ये मुलाचं नाव आलेलं असतं, म्हणून ही तपासणी नीट होते. फंक्शनला नाव दिलं आहे तेही कारणाने. बरेच जण हुकात लॅम्डा, म्हणजे निनावी फंक्शन, टाकतात, मग तो बदलून इनिट फाइल पुन्हा वाचायला लावतात. ईमॅक्सच्या दृष्टीने बदललेला लॅम्डा म्हणजे नवं फंक्शन. जुनंही हुकात तसंच राहतं आणि चालत राहतं. "काढलं तरी चालूच आहे" याचं हेही एक कारण असतं. नाव असलेलं फंक्शन पुन्हा वाचलं की जुन्याची जागा घेतं.

आणखी एक गोष्ट: हुक बदलला तरी आधीच उघड्या असलेल्या बफरला तो कळत नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडा किंवा रिव्हर्ट-बफर चालवा, मगच निकाल पाहा.

बंद केलेलं परत चालू होतं

हे कारण सापडायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. हुक दुरुस्त झाला, नवी फाइल उघडली की सगळं ठीक. पण जुनी सूचनांची फाइल सकाळी उघडी मिळायची ती ऑटो-फिल चालू असलेली. ईमॅक्स माझी इनिट फाइल न वाचता सुरू केला, म्हणजे टर्मिनलात उणे चिन्ह आणि मोठा क्यू देऊन, तर दोष नाही. इनिट फाइलसह सुरू केला तर आहे. पण इनिट फाइलमध्ये ते चालू करणारी ओळ तर नाहीच.

चालू करत होता डेस्कटॉप-सेव्ह-मोड. ईमॅक्स बंद करताना उघड्या फाइलींची यादी जपून दुसऱ्या दिवशी त्या तशाच उघडून देणारा हा मोड मी आवडीने वापरतो. तो नुसती फाइलींची नावं जपत नाही. प्रत्येक बफरमध्ये कोणते मायनर मोड चालू होते हेही लिहून ठेवतो, आणि त्यात ऑटो-फिल असतोच. शिवाय फिल-कॉलम आणि ट्रंकेट-लाइन्स यांच्या त्या बफरमधल्या किमतीही लिहितो. सकाळी फाइल उघडते, हुक चालतात, हुकांनी ऑटो-फिल बंद ठेवलेलं असतं, आणि त्यानंतर डेस्कटॉप कालची स्थिती परत आणतो. शेवटचा शब्द त्याचा.

म्हणजे दोष लागल्याच्या दिवशी जी फाइल उघडी होती तिच्यात तो रोज नव्याने जपला जात होता. हाताने बंद केलं आणि त्याच दिवशी ईमॅक्स नीट बंद केला तर बंद स्थिती जपली जायची. वीज गेली तर कधी कधी जुनी नोंद तशीच राहायची आणि दोष परतायचा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दोन-तीन दिवस बरं, मग पुन्हा, हा जो लपंडाव होता तो असा.

उपाय: डेस्कटॉप-मायनर-मोड-टेबल या यादीत ऑटो-फिल-फंक्शनची नोंद असते, तिच्यातलं पुनःस्थापनेचं फंक्शन निल केलं की हा मोड जपलाच जात नाही. फिल-कॉलमही परत येऊ नये असं वाटत असेल तर डेस्कटॉप-लोकल्स-टू-सेव्ह या यादीतून ते नाव काढा. मात्र आधी जपून ठेवलेली फाइल एकदा तरी हटवावी लागते, कारण तिच्यात जुनी नोंद आहेच. ईमॅक्स पूर्ण बंद करा, मग त्याच्या सेटिंगच्या फोल्डरमधली डॉट-ईमॅक्स-डॉट-डेस्कटॉप ही फाइल पुसा, मग सुरू करा. क्रम चुकला, म्हणजे ईमॅक्स चालू असताना पुसली, तर बंद होताना तो ती पुन्हा लिहू शकतो.

कुलूप

याहून पक्का उपाय मला सीएसव्ही-मोडच्या कोडात सापडला. सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याच्या फाइलीत, नवओळ म्हणजे नवी नोंद, त्यामुळे ओळ तुटणं तिथे परवडतच नाही. तो मोडही टेक्स्ट-मोडचा वंशज. त्याच्या कोडातल्या टिपणात लिहिलं आहे की पूर्वी मोडच्या अंगातच ऑटो-फिल बंद केलं जायचं, पण टेक्स्ट-मोडचा हुक त्यानंतर चालत असल्याने त्याचा उपयोग होत नसे. म्हणून आता तिथे नॉर्मल-ऑटो-फिल-फंक्शन हे चल त्या बफरपुरतं निल केलं जातं. ऑटो-फिल-मोड चालू होताना याच चलातलं फंक्शन उचलतो. तिथे काही नसेल तर कोणीही चालू करो, हुक करो की डेस्कटॉप करो, हाती काहीच लागत नाही.

(डीफन माझी-ओळ-तोडू-नको ()
  (टर्न-ऑफ-ऑटो-फिल)
  (सेटक्यू-लोकल नॉर्मल-ऑटो-फिल-फंक्शन निल))
(ॲड-हुक 'यॅमल-मोड-हुक #'माझी-ओळ-तोडू-नको)

ज्या ज्या फाइलप्रकारात नवओळीला अर्थ आहे त्यांच्या हुकाला मी आता हेच लावतो. वाचनालयाच्या फलकावर त्यानंतर एकही सूचना तुटलेली नाही.

रकाना ७० की ८०

फिल-कॉलमची मूळ किंमत ७० आहे. ती बदलायला लोक इनिट फाइलमध्ये सेटक्यू वापरतात आणि काहीच बदलत नाही असं सांगतात. हे चल प्रत्येक बफरचं स्वतःचं असतं. सेटक्यूने ते फक्त त्या क्षणीच्या बफरमध्ये बदलतं, तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचत नाही. सर्वांसाठी बदलायचं तर:

(सेटक्यू-डिफॉल्ट फिल-कॉलम ७२)

प्रकल्पागणिक वेगळा आकडा हवा असेल तर त्या फोल्डरमधली डायरेक्टरी-लोकल फाइल ही योग्य जागा. फक्त हुकांमध्ये फिल-कॉलम लिहून ठेवू नका. ईमॅक्स २६ पासून ही स्थानिक चलं मोडच्या हुकांच्या आधी लागतात, म्हणजे हुकातला आकडा फोल्डरच्या आकड्यावर मात करतो. हाच क्रम लक्षात ठेवला तर हेही कळेल की फाइलच्या डोक्यावर ऑटो-फिल बंद करणारी ओळ लिहून भागत नाही: हुक नंतर येतो आणि ते परत चालू करतो.

आकडे कुठून आले याबद्दल थोडं. ८० रकाने आले आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावरून. पुढे टर्मिनलांनी तीच रुंदी उचलली. फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटच्या संदेशांत ७२ पाळतात, कारण गिट लॉग संदेश चार जागा आत सरकवून दाखवतो आणि ८० च्या पडद्यावर ते नीट मावतं. पायथॉनच्या पेप ८ या लेखननियमांत कोडला ७९ आणि टिपणांना ७२ आहे.

कोडच्या फाइली

कोडमध्ये ओळ तोडायची नाही, पण लांबलचक टिपणं मात्र तुटायला हवीत. त्यासाठी कॉमेंट-ऑटो-फिल-ओन्ली-कॉमेंट्स हे चल खरं केलं की ऑटो-फिल फक्त टिपणांच्या आत काम करतो. हे प्रोग-मोड-हुकात (कोडच्या मोडांच्या मूळपुरुषाच्या हुकात), सेटक्यू-लोकलने, त्या बफरपुरतंच लिहा. सरसकट सर्वांना लावलं तर लेटेकमध्ये (छपाईची मांडणी करायच्या भाषेत) गद्य तुटायचं थांबतं, कारण लेटेकलाही टक्केचिन्हाची टिपणं आहेत; ईमॅक्स मग तिथेही फक्त टिपणांतच ओळ तोडतो.

मराठी मजकुरासाठी मी काय ठेवलं आहे

मराठी गद्याला मी ऑटो-फिल लावत नाही, व्हिज्युअल-लाइन लावतो. पहिलं कारण रुंदीचं. "क्षि" हे डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं. रकाने मोजणाऱ्या साधनाचा हिशेब आणि पडद्यावर दिसणारी रुंदी यांचा मेळ रोमन मजकुरासारखा बसत नाही, म्हणून सत्तरला तोडलेल्या मराठी ओळींची उजवी कड बघवत नाही. दुसरं कारण गिटचं. परिच्छेदात एक शब्द घालून आल्ट-क्यू (परिच्छेद नव्याने जुळवायची कळ) दाबलं की पुढच्या सगळ्या ओळी सरकतात आणि फरक पाहताना अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. मी एक वाक्य एका ओळीवर लिहितो आणि दुमडायचं काम ईमॅक्सवर सोडतो. व्हिज्युअल-लाइनमध्ये कंट्रोल-ए, कंट्रोल-ई आणि कंट्रोल-के या कळा दिसणाऱ्या ओळीपुरत्या चालतात, एवढं पहिल्या दिवशी सांभाळा. कंट्रोल-केने पूर्ण ओळ जाईल असं धरून चाललात तर अर्धं वाक्य मागे राहतं.

ऑर्ग-मोड लांब ओळी मुळात कापून दाखवतो, त्यामुळे तिथे ऑर्ग-मोड-हुकात व्हिज्युअल-लाइन-मोड घालावाच लागतो. त्याने रुंद तक्ते विसकटतात. तक्त्यांच्या फाइली मी वेगळ्या ठेवतो.

ई-पत्रात मात्र मी ओळ खरीच तोडतो. ई-पत्राच्या मानकात एका ओळीची कमाल लांबी ९९८ बाइट आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. निव्वळ देवनागरी धरली तर ३३२ चिन्हांतच मर्यादा संपते. मराठीतला बेताचा परिच्छेदही एका ओळीत मावत नाही आणि पत्र पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला तो सांकेतिक रूपात गुंडाळावा लागतो. मेसेज-मोड स्वतःहूनच ७२ ला ऑटो-फिल लावतो. तो तुमच्या फिल-कॉलमला जुमानत नाही, त्याचं मेसेज-फिल-कॉलम हे चल वेगळं आहे. तिथला आकडा बदलत नाही म्हणून हैराण असाल तर ते चल पाहा.

राहिली पद्याची फाइल, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. वाचनालयात जुन्या हस्तलिखित वह्यांमधले अभंग आम्ही टाइप करून ठेवतो. अभंगाचा चरण जिथे संपतो तिथेच ओळ संपली पाहिजे. एकदा सवयीने आल्ट-क्यू दाबलं आणि चार चरणांचा एक परिच्छेद झाला. वही परत बाहेर काढून चरण पुन्हा पाडावे लागले. त्यानंतर एक छोटा मोड लिहिला. ईमॅक्स लिस्पमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, नावं देवनागरीत चालतात, म्हणून याचं नाव खरोखरच देवनागरीत आहे:

(डिफाइन-डिराइव्ह्ड-मोड पद्य-मोड टेक्स्ट-मोड "पद्य"
  (सेटक्यू-लोकल नॉर्मल-ऑटो-फिल-फंक्शन निल)
  (सेटक्यू-लोकल फिल-पॅराग्राफ-फंक्शन #'ऑलवेज))

दुसऱ्या ओळीतलं कुलूप हुकांच्या आधीच लागतं. तिसऱ्या ओळीने आल्ट-क्यू निकामी होतं. तिथे इग्नोर हे फंक्शन देऊ नका: ते निल परत करतं, आणि ईमॅक्स त्याचा अर्थ "यांनी काम केलं नाही, मी करतो" असा घेऊन परिच्छेद जुळवतोच. ऑलवेज हे ईमॅक्स २८ पासून आहे. मजकूर निवडून आल्ट-क्यू दाबलं तर मात्र ही आडकाठी लागत नाही, तेवढं हाताने सांभाळावं लागतं.

आधीच तुटलेल्या ओळी

सेटिंग सुधारल्याने जुन्या जखमा भरत नाहीत. तुटलेली ओळ जोडायला कर्सर खालच्या ओळीवर ठेवून आल्ट आणि टोपीचं चिन्ह दाबा. ती वरच्या ओळीला एक मोकळी जागा सोडून जोडली जाते. यॅमलचं पुढचं इंडेंटेशनही निघून जातं, ते वेगळं पुसावं लागत नाही. शोधण्यासाठी फाइल गिटमध्ये असेल तर गिट डिफला वर्ड-डिफचा पर्याय देऊन दोष लागण्याआधीच्या आवृत्तीशी ताडून पाहा. हा पर्याय शब्द ताडतो, मधल्या मोकळ्या जागा सोडून देतो. जिथे बदल दाखवला आहे पण एकाही शब्दावर खूण नाही, तिथे फक्त नवओळ पडलेली आहे. आमच्या फाइलमध्ये अशा सव्वीस जागा निघाल्या. नव्याने लिहिलेल्या सूचना या चाळणीत सापडत नाहीत, त्या मी फोनवर फलक उघडून एकेक वाचल्या.